ओला चोथा, कोरडे पोते

धान्यापासून दारू, बिअर किंवा पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल काढून झाले की मागे चोथा उरतो. कारखान्याला धान्यातला फक्त स्टार्च हवा असतो, आणि मक्यात तो सुमारे दोन तृतीयांश असतो. यीस्टने त्या स्टार्चचे अल्कोहोल केले की प्रथिने, तेल, तंतू आणि खनिजे मागे राहतात. त्यांचे प्रमाण मूळ दाण्याच्या जवळपास तिप्पट होते. मक्यात आठ-नऊ टक्के असलेले प्रथिन या चोथ्यात पंचवीस ते तीस टक्क्यांवर जाते. प्रथिनाच्या हिशेबाने पाहिले तर गुरांसाठी चोथा दाण्यापेक्षा सरस ठरतो. तरीही या चोथ्याने दीडशे-दोनशे वर्षे शहरांना आणि नद्यांना पिडले, कारण त्यात पाणी फार. मद्यार्काच्या भट्टीतून निघणाऱ्या गरम रबड्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते, आणि निथळलेल्या बिअरच्या चोथ्यातही तीन चतुर्थांशाहून जास्त. असा माल उन्हाळ्यात दोन-चार दिवसांत आंबतो, त्याला बुरशी लागते, आणि लांब न्यायचा म्हटला तर वाहतुकीचे पैसे पाण्यावरच खर्च होतात. आज हाच चोथा कोरडा, सोनेरी भुकटी होऊन ‘डीडीजीएस’ या नावाने पोत्यातून विकला जातो, आणि त्याची कथा टाकाऊतून टिकाऊची कथा म्हणून सांगितली जाते. इतिहास मात्र वेगळे दाखवतो. चोथा सुकवण्याचा उद्योग मुख्यतः घाण टाकायला जागा उरली नाही म्हणून वाढला. जनावराचे पोषण हे त्याचे मूळ प्रयोजन नव्हते. म्हणूनच त्या पोत्यातल्या खाद्याचा कस आपोआप राखला जाईल असे मानता येत नाही. तो प्रत्येक वेळी बाहेरून, नियमाने आणि तपासणीने राखावा लागला आहे.

ओल्या चोथ्याचे दिवस कसे होते हे पाहायचे तर एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्ककडे वळावे लागते. मॅनहॅटन आणि ब्रुकलिनमधल्या व्हिस्कीच्या भट्ट्यांना रोज निघणारा रबडा कुठेतरी खपवायचा होता. भट्टीला लागूनच गाईंचे गोठे उभे राहिले. लाकडी पन्हळीतून गरम रबडा थेट गव्हाणीत यायचा. अरुंद जागेत बांधलेल्या गाई महिनोन्‌महिने हलत नसत. त्यांना वैरण जवळपास मिळतच नसे. त्यांचे दात झिजत आणि किडत, अंगावर व्रण उठत, शेपट्या गळून पडत. त्यांचे दूध पातळ आणि निळसर असे. ते पांढरे आणि दाट दिसावे म्हणून त्यात खडू आणि पीठ घालून ते शहरातल्या गरीब घरांत विकले जाई. रॉबर्ट हार्टली या मद्यपानविरोधी कार्यकर्त्याने १८४२ साली दुधावर एक ग्रंथच लिहून या गोठ्यांवर बोट ठेवले. पुढे मे १८५८ मध्ये फ्रँक लेस्लीच्या सचित्र साप्ताहिकाने गोठ्यांतली चित्रे छापली तेव्हा शहर हादरले. नगरपालिकेच्या चौकशी समितीने गोठेवाल्यांना पाठीशी घातले. तरी लोकक्षोभ ओसरला नाही, आणि १८६२ मध्ये न्यूयॉर्क राज्याने अशा दुधाविरुद्ध कायदा केला. यात दोष चोथ्याच्या अंगचा नव्हता. थोडा ताजा चोथा आणि सोबत पुरेशी वैरण दिली तर गाय तो आनंदाने खाते, हे शेतकऱ्यांना शतकानुशतके ठाऊक होते. खोट व्यवस्थेत होती. गाईचे पोट हे भट्टीचे गटार ठरले, आणि गाईने किती खावे हे भट्टीने किती ओतायचे त्यावर ठरू लागले.

भट्टी आणि गोठा यांचे हे लग्न केवळ न्यूयॉर्कपुरते नव्हते. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया या गावी व्हिस्कीच्या मोठ्या भट्ट्या होत्या, आणि हजारो बैल तिथला रबडा खाऊन कसायाकडे जाण्यापुरते लठ्ठ होत. अमेरिकेतल्या व्हिस्की उत्पादकांनी १८८७ साली पिओरियात जी मक्तेदारी संघटना बांधली तिच्या नावातच मद्यार्कवाले आणि गुरे पोसणारे असे दोन्ही धंदे जोडलेले होते. १८९० मध्ये तिची कंपनी झाली तेव्हाही नावात ‘कॅटल फीडिंग’ कायम राहिले. एवढा मोठा धंदा असताना रबडा सुकवून लांब का विकला नाही? उत्तर भौतिकशास्त्रात आहे. उकळत्या पाण्याच्या एका किलोची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते, आणि कितीही हुशार यंत्र आणले तरी हे देणे चुकत नाही. हजार किलो ओल्या गोळ्यात ६५ टक्के पाणी असेल, आणि त्याचा दहा टक्के ओलाव्याचा कोरडा माल करायचा असेल, तर ६१० किलोच्या आसपास पाणी उडवावे लागते आणि हातात उरतो जेमतेम ३९० किलो माल. उन्हात पसरून वाळवावे म्हटले तर भट्टी रात्रंदिवस चालते आणि रबडा वाळण्याआधी आंबतो. कोळसा जाळून सुकवावे, तर सुक्या चोथ्याला तेवढा भाव मिळायला हवा. गुरे शेजारी बांधणे त्याहून स्वस्त, आणि नदीत सोडणे सर्वांत स्वस्त.

सुक्या चोथ्याला भाव मिळण्यासाठी आधी एक गोष्ट व्हावी लागली: न पाहिलेल्या खाद्याची किंमत ठरवण्याची भाषा तयार व्हावी लागली. ओला चोथा शेतकरी हुंगून, हातात घेऊन ओळखतो, पण दोनशे मैलांवरून आलेल्या बंद पोत्याला विचारणार काय? ही भाषा जर्मनीत घडली. गॉटिंगेनजवळच्या वेंडे इथल्या कृषी प्रयोग केंद्रात हेनेबर्ग आणि स्टोमान यांनी १८६० च्या सुमारास खाद्याचे ओलावा, राख, प्रथिने, मेद, तंतू असे भाग पाडण्याची पद्धत बसवली. पशुखाद्याच्या पोत्यावर आजही हेच शब्द छापलेले असतात. १८८३ मध्ये योहान केल्डाल यांनी नत्र मोजून प्रथिनाचा अंदाज करण्याची रीत प्रसिद्ध केली. ती कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्याच प्रयोगशाळेत जन्मली, कारण बिअरवाल्यांना धान्यातले प्रथिन मोजायचे होते. अमेरिकेतल्या कृषी प्रयोग केंद्रांनी ही साधने उचलली, आणि विस्कॉन्सिनचे विल्यम हेन्री यांनी १८९८ मध्ये गुरांच्या खाद्यावर लिहिलेल्या प्रसिद्ध ग्रंथात सुक्या चोथ्यालाही जागा मिळाली. पण भाषा आली तशी फसवणूकही आली. कोंड्यात लाकडाचा भुसा, पेंडीत टरफले मिसळण्याचे प्रकार इतके झाले की एकामागून एक राज्यांनी पशुखाद्याचे कायदे केले, आणि १९०९ साली त्या राज्यांच्या खाद्यनियंत्रकांनी देशव्यापी संघटना बांधली. सुका चोथा बाजारात स्थिरावला तो यंत्र आणि नियम यांच्या जोडीने.

यंत्रांचा पाया मात्र साखरेच्या धंद्यात घातला गेला होता. लुइझियानात जन्मलेले नॉर्बर्ट रिलिये यांनी १८४० च्या दशकात बहुटप्पी बाष्पीभवन यंत्राचे पेटंट घेतले. एका भांड्यातून निघालेली वाफ पुढच्या, कमी दाबाच्या भांड्याला तापवते, तिची वाफ त्यापुढच्याला, आणि त्यामुळे एक किलो वाफेत कित्येक किलो पाणी उडते. उसाच्या रसासाठी काढलेली ही युक्ती आज प्रत्येक धान्य-मद्यार्क कारखान्यात चालते. तिथला क्रम असा. ऊर्ध्वपातनाच्या मनोऱ्याखालून आलेला रबडा प्रथम गरगर फिरणाऱ्या डिकँटरमध्ये जातो. जाड चोथा आणि पातळ पाणी वेगळे होते, आणि हे पाणी इंधन जवळपास न जाळता निघते. पातळ पाण्यात विरघळलेली प्रथिने, यीस्टचे अवशेष, क्षार असतात. ते बाष्पीभवनात आटवून मधासारखे घट्ट सिरप करतात आणि पुन्हा चोथ्यावर ओततात. मग हा चिकट, तपकिरी गोळा ड्रायरच्या आडव्या ढोलात शिरतो. ढोल हळूहळू फिरतो, आतल्या पात्या माल वर उचलून गरम हवेच्या झोतात सोडतात, आणि सुकलेल्या मालाचा काही भाग ओल्यात परत मिसळतात, नाहीतर तो भिंतींना चिकटून जळतो. बाहेर येतो तेव्हा त्यात दहा-बारा टक्के ओलावा उरलेला असतो, एवढाच की बुरशी लागत नाही. मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यात साधारण एक तृतीयांश ऊर्जा या सुकवण्यातच जाते.

एवढी महाग पायरी कारखान्यांनी आपणहून का घेतली? बहुतेक ठिकाणी त्यांनी ती आपणहून घेतलीच नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावर पूर्वीपेक्षा कितीतरी मोठे कारखाने उभे राहिले, आणि शेजारी बांधलेल्या गुरांना तेवढा रबडा संपवणे शक्य नव्हते. तो ओढ्या-नद्यांत गेला की पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरत. ही तक्रार वाढत गेली तसे सुकवण्याचे कारखाने वाढले. ऑक्टोबर १९४२ मध्ये युद्धासाठी अमेरिकेतल्या भट्ट्यांनी पिण्याची दारू थांबवली आणि कृत्रिम रबर व दारूगोळ्यासाठी औद्योगिक मद्यार्क काढू लागल्या. धान्य प्रचंड प्रमाणात आंबवले गेले, चोथाही तेवढाच निघाला, आणि दुसरीकडे पशुखाद्याला प्रथिनांची टंचाई होती. त्याच काळात मद्यार्क कारखान्यांनी पशुखाद्यावर संशोधन करणारी परिषद स्थापन केली. सुक्या सिरपात ‘ब’ जीवनसत्त्वे भरपूर असल्याने कुक्कुटपालनात त्याला मागणी आली. पण १९४८ मध्ये जीवनसत्त्व बी-१२ वेगळे काढता आले, कारखान्यात तयार झालेली जीवनसत्त्वे स्वस्त झाली, आणि ही मागणी ओसरू लागली. सुकवणे मात्र थांबले नाही. चोथ्याला मागणी असो वा नसो, नदीचा रस्ता बंद होत चालला होता.

यावर एक सरळ आक्षेप येतो. ज्या मालाला भाव आहे तो बाजार आज ना उद्या सुकवणारच होता, आणि कायद्याने फार तर घाई केली. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते पुरते खरे नाही. स्कॉटलंडच्या स्पे खोऱ्यातल्या रोथेस गावाचे उदाहरण घ्या. तिथल्या व्हिस्की भट्ट्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच एकत्र येऊन सांडपाणी आटवून त्याचे पशुखाद्य करण्याची सामायिक सोय उभारली. पण २०१३ मध्ये त्याच गावात भट्ट्यांचा चोथा लाकडाच्या तुकड्यांसोबत जाळून वीज करणारे केंद्र सुरू झाले. विजेच्या अनुदानाचा हिशेब बरा पडला तेव्हा गाईचे खाद्य बॉयलरमध्ये गेले. नेब्रास्कात इथेनॉलचे कारखाने आणि गुरांचे मोठे गोठे जवळजवळ आहेत. तिथे बराच चोथा ओलाच विकला जातो, कारण गॅस जाळून सुकवण्यापेक्षा ते स्वस्त आणि गुरांनाही ते मानवते. म्हणजे कारखाना चोथा सुकवेल, ओला विकेल की जाळेल हे इंधनाचा भाव, अंतर आणि सांडपाण्याचा नियम यांवर ठरते. जनावराला काय मानवते हा प्रश्न त्या हिशेबात शेवटी येतो. बाजाराला यात खलनायक ठरवण्याचे कारण नाही. खरेदीदाराने मात्र हे ओळखून असावे.

कारण सुकवण्याने जशी सोय केली तसे एक झाकणही घातले. ओल्या चोथ्यातले बिघाड नाकाला कळतात, कोरड्यातले कळत नाहीत. ड्रायरमध्ये माल जास्त तापला तर साखर आणि प्रथिनातले लायसिन यांचा संयोग होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये ही अभिक्रिया वर्णिली. माल काळपट होतो, प्रयोगशाळेत प्रथिन पूर्वीइतकेच दिसते, पण कोंबडी-डुकरांना त्यातले लायसिन पचत नाही. केल्डालची रीत नत्र मोजते, आणि ते नत्र खऱ्या प्रथिनाचे आहे की दुसऱ्या कशाचे हे सांगत नाही. २००७ मध्ये चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये, म्हणजे धान्याच्या अशाच एका उपउत्पादनात, मेलामाइन हे नत्रयुक्त रसायन मिसळून प्रथिनाचा आकडा फुगवलेला निघाला. ते ग्लूटेन घातलेल्या खाद्याने अमेरिकेत कुत्री-मांजरे मेली. तिसरी गोष्ट बुरशीच्या विषांची. स्टार्च निघून गेल्यावर प्रथिने तिप्पट होतात तशी धान्यातली अफ्लाटॉक्सिनसारखी विषेही साधारण तिप्पट होतात, आणि ड्रायरच्या उष्णतेने ती नाहीशी होत नाहीत. दुभत्या गाईने ती खाल्ली तर त्यांचा काही अंश अफ्लाटॉक्सिन एम-१ म्हणून दुधात उतरतो. भारतात दुधातली त्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. शिवाय नाव तेच राहून माल बदलतो. अमेरिकी कारखान्यांनी २००८ नंतरच्या काही वर्षांत पातळ रबड्यातून मक्याचे तेल वेगळे काढायला सुरुवात केली, आणि डीडीजीएसमधला मेद दहा-बारा टक्क्यांवरून बराच खाली आला. जुने तक्ते हाती धरून रेशन बसवणाऱ्याला ऊर्जेची तूट कळायलाही वेळ लागला.

एकविसाव्या शतकात या सगळ्याचे आकारमान बदलले. अमेरिकेत २००० साली इथेनॉलचे उत्पादन सुमारे १६० कोटी गॅलन होते. २००५ च्या कायद्याने पेट्रोलमध्ये जैवइंधन मिसळणे बंधनकारक झाले, आणि २०१० पर्यंत ते १,३०० कोटी गॅलनांच्या पुढे गेले. २५.४ किलोच्या एका बुशेल मक्यातून पावणेतीन गॅलनांच्या आसपास इथेनॉल आणि साडेसात-आठ किलो सुका चोथा निघतो. त्यामुळे ओला-सुका मिळून वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक चोथा बाजारात आला आणि त्यातला डीडीजीएस जहाजांतून जगभर जाऊ लागला. चीन हे त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक झाले, आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याच चीनने त्यावर ४२ ते ५४ टक्के डंपिंगविरोधी शुल्क लावले. तक्रार तिथल्या डीडीजीएस उत्पादकांची होती, की इंधनाच्या धोरणामुळे निघालेला स्वस्त चोथा आमचा भाव पाडतो. जो माल एकेकाळी भट्टीशेजारच्या गव्हाणीपलीकडे जाऊ शकत नव्हता, तो सुकल्यामुळे दुसऱ्या खंडातल्या भावावर परिणाम करू लागला.

महाराष्ट्राचा संबंध इथे येतो. आपल्याकडे मद्यार्क म्हटले की उसाची मळी डोळ्यांसमोर येते, आणि मळीच्या सांडपाण्यातून सुक्या चोथ्यासारखे प्रथिनयुक्त खाद्य निघत नाही. २००७ मध्ये राज्य सरकारने ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांपासून मद्यार्क काढण्याला अनुदान देऊ केले, आणि समाजसेवक डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी त्याला विरोध केला. तो वाद दारूभोवती झाला, आणि ते योग्यच होते. पुढे इंधनाने चित्र पालटले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, मका आणि तांदूळ पुढे आले, २०२५ मध्ये पेट्रोलात २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला, आणि सहकारी साखर कारखान्यांनाही धान्य वापरता यावे म्हणून केंद्राने व्याज सवलतीची योजना आणली. प्रदूषण मंडळाच्या शून्य विसर्गाच्या अटीमुळे धान्यावर चालणाऱ्या कारखान्याला रबडा आटवून सुकवावाच लागतो. इथेही सुकवण्याचे कारण सांडपाणीच. हा डीडीजीएस पोल्ट्रीवाले आणि पशुखाद्याचे कारखाने सोयापेंडीच्या जागी घेऊ लागले. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांना त्याखाली माल विकावा लागला, आणि प्रक्रिया उद्योगाने डीडीजीएसकडेही बोट दाखवले. जागतिक बाजारात सोयापेंड मुबलक असणे हेही त्यामागचे मोठे कारण होते, हे मान्य केले पाहिजे. कोणी म्हणेल, स्वस्त खाद्य मिळाले तर दूधवाल्याचा आणि पोल्ट्रीवाल्याचा फायदाच आहे. फायदा खराच, पण पोत्यातले प्रथिन पचणारे असेल तरच. सोयापेंडीत तीन टक्क्यांच्या जवळ लायसिन असते, मक्याच्या डीडीजीएसमध्ये एक टक्कासुद्धा नसते. तांदळाच्या डीडीजीएसमध्ये प्रथिनाचा आकडा चाळिशीच्या वर जातो. केवळ हा आकडा पाहून अदलाबदल केली तर बचत दिसते ती खाद्याच्या बिलात, आणि तोटा होतो वजनात, अंड्यांत आणि दुधात.

चोथा सुकवणे हे चांगले काम आहे, यात मला शंका नाही. नदीत सोडण्यापेक्षा आणि गाईला गटार करण्यापेक्षा ते हजार पटींनी बरे. पण न्यूयॉर्कच्या गोठ्यांपासून आजच्या ड्रायरपर्यंत एक गोष्ट तशीच राहिली आहे. चोथा खपवण्याची गरज ज्याला आहे तो एक, आणि चोथ्याचे परिणाम सोसणारा दुसरा. जर्मनीतल्या प्रयोगशाळा आणि अमेरिकेतले खाद्याचे कायदे या दोघांमध्ये उभे राहिले म्हणून तो व्यवहार टिकला. आपल्याकडे इथेनॉलचे कारखाने ज्या वेगाने उभे राहिले, त्या वेगाने खाद्यतपासणीच्या प्रयोगशाळा उभ्या राहिलेल्या नाहीत. म्हणून डीडीजीएसच्या प्रत्येक पोत्यावर धान्य कोणते, ओलावा, खरे प्रथिन, मेद, पचणारे लायसिन आणि अफ्लाटॉक्सिन यांचे आकडे छापणे बंधनकारक व्हावे, आणि ते आकडे तपासून देणारी प्रयोगशाळा तालुक्याच्या दूध संघाच्या आवाक्यात असावी. इथेनॉलला जो सार्वजनिक पैसा सवलतींच्या रूपाने मिळतो, त्यातलाच थोडा या कामासाठी बाजूला काढणे सरकारला अवघड नाही. आणि हे होईपर्यंत दूध संघांनी व पोल्ट्री संघटनांनी खरेदीच्या करारातच ही तपासणी घालावी. पोते कोरडे आहे एवढ्यावर समाधान मानू नये.